नखाईचा सोमवार

ऐका बायांनो, आणि बाप्यांनो, तुम्हीही जरा टेका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा गारगोटवाडीच्या माळावर झाडं होती आणि झाडांत लांडगे होते. माळ मात्र तेव्हाही आजच्यासारखाच, पांढऱ्या गारगोट्यांचा. एकेका दगडाला विळ्याची धार. माणूस अनवाणी चाललं तर टाच फाटायची, आणि शिकारी कुत्रं पळालं तर त्याचं नख मोडायचं.

त्या गावात हौसाक्का राहायची. नवरा तरुणपणीच देवाघरी गेलेला, पदरात एकच लेक, मंजुळा. हौसाक्का उपासतापासांची बाई. तिचा अर्धा दिवस सोवळ्यात जायचा, म्हणून कुत्र्यांचं आणि तिचं कधी जमलंच नाही. कुत्रं अंगणात दिसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पण तोंड सुरू झालं की समजावं, आता हिचे हातही चालणार, असं म्हणतात.

मंजुळेच्या लग्नात घात झाला तो कुत्र्यापायीच. व्याही शिदोजीराव मोठा शिकारी. वरातीत घोडा पुढे आणि त्याचा लाडका कुत्रा बिजल्या त्याच्याही पुढे. त्या बिजल्याने मांडवात शिरून रुखवतातल्या करंज्यांच्या ताटात तोंड घातलं. हौसाक्काने हाताला आली ती केरसुणी घेतली आणि दिला एक रट्टा. शिदोजीराव उठून म्हणाला, "माझ्या कुत्र्याला केरसुणी म्हंजे मला केरसुणी. आजपासनं ह्या घरची पायरी आमचं कुणी चढणार न्हाई. सूनसुद्धा न्हाई!"

झालं. नागपंचमी गेली, दिवाळी गेली, मंजुळा काही माहेरी आली नाही. मग एक दिवस बाजारात निरोप मिळाला, की मंजुळेला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हायचं, ही तर जगाची रीत. हौसाक्काने देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, "महादेवा, सोळा सोमवार करते. माझी लेक बाळंतपणाला माझ्या दारात आण."

तिच्या सासूने घालून दिलेला नेम कडक होता. काळ्या पिंडीवर गडव्याने पाण्याची धार धरायची. गडवा रिकामा होईस्तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. मधे खंड पडला की मागचे सोमवार पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच सोमवारी धार धरली आणि अंगणातून हाक आली, "वैनी! आवं वैनी, भाईर या की! भिंगरीचं नख मोडलं."

हा शेजारचा म्हादू नाईक. माणूस आनंदी, डोक्याने हलका. भिंगरी त्याची शिकारी कुत्री, काटकुळी, लांब तोंडाची. हौसाक्काने बसल्या जागेवरून हाताने खुणावलं, जा म्हणून.

"हात काय हलवताय? तोंडानं बोला की!" म्हादू म्हणाला, आणि कुत्रीला घेऊन थेट उंबऱ्यात आला. कुत्रीचं पुढच्या पायाचं नख उभं चिरलेलं, अर्धं लोंबत होतं. त्यावर ह्या शहाण्याने शेण थापलं होतं.

हौसाक्काने ओठ आवळून धरले. गडवा गच्च धरला. पण शेणातून रक्त गळताना दिसलं आणि तिला राहवलं नाही.

"आरं मुडद्या, शेणानं सारवतोस काय? कुत्रं हाय का ओटा?"

मोडला सोमवार! मग काय, उठलीच. माहेरी शेळ्यांची खुरं बघितलेली, तेवढंच तिचं शिक्षण. तिने कोमट पाण्यात मीठ टाकून पाय धुतला. लोंबतं नख अडकित्त्यात धरून एका झटक्यात कापलं. आतला जिवंत भाग उघडा पडला तसं रक्त धावलं, तेव्हा त्यावर ज्वारीचं पीठ दाबून धरलं, रक्त थांबेपर्यंत. मग हळद-तूप, वर स्वच्छ चिंधी, आणि चिंधीवर जुन्या खणाच्या चोळीची पिशवी. कुत्रीने चाटू नये म्हणून बूड गेलेली एक टोपली तिच्या गळ्यात अडकवली. सबंध वेळ तोंड चालूच होतं. "मेला माझा सोमवार. मेलं माझं सोवळं. म्हादू, पाय वाळला न्हाई तवर हिला पळवलीस तर तुझ्याच गळ्यात टोपली घालीन."

म्हादू हो हो म्हणाला. पण रविवार उजाडला. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. भंडारा लावून शिकारीला गेलं नाही तर म्हादूला चैन पडत नसे. सोमवारी तो पुन्हा दारात, आणि भिंगरीचा तोच पाय लाल.

असं लागोपाठ पाच-सहा सोमवार झालं. दर खेपेला हौसाक्का नव्याने पहिला सोमवार धरायची, आणि दर खेपेला म्हादू नाहीतर दुसरा कुणी रविवारचं मोडकं नख सोमवारी तिच्या उंबऱ्यात आणून टाकायचा. तिच्या हाताने नख चिघळत नाही, अशी ख्याती पसरली होती. गावचे लोक तिला नखाई म्हणू लागले. ती आणखीच चिडली. एका सोमवारी म्हणे माळावरचा लांडगासुद्धा पंजा उचलून, लंगडत आला आणि कुत्र्यांच्या मागे बसला. सगळी कुत्री चिडीचूप. हौसाक्काने कपाळाला हात लावला. "तूच ऱ्हायला होतास! बस तिकडं. मधी घुसू नको, तुझा पंजा पाळीनं बघते." आणि लांडगा पाळीने बसला, असं म्हणतात.

रात्री पिंडीपुढे बसून ती देवाशी भांडायची. "देवा, खंडोबा म्हंजे तूच न्हवं? मग रविवारी तूच कुत्री पळवतोस आणि सोमवारी तूच माझा उपास मोडतोस. बाईमाणसानं करायचं काय? तिकडं माझ्या लेकीचे महिने सरत चालले."

मग चूल सारवून निजायची.

शेवटी तिने म्हादूच्या कपाळाला भंडारा लावला आणि शपथ घ्यायला लावली, की माझे सोळा सोमवार होईपर्यंत गावातलं एकही कुत्रं रविवारी माळावर जाणार नाही. म्हादू शपथेला भ्याला. सगळ्या वाडीने कुत्री बांधून घातली. आणि खरंच, सोमवार एकामागून एक सुरळीत पार पडू लागले. पंधरावाही झाला. मंजुळेला तेव्हा सातवा लागला होता.

सोळावा सोमवार आला. हौसाक्काने दारात रांगोळी घातली, धार धरली. गडवा अर्धा झाला. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात उंबऱ्यावर काहीतरी टेकलं. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. एक कुत्रा होता, गावातला नव्हे. बरोबर माणूस नाही. भुंकला नाही, कण्हला नाही. नुसती हनुवटी उंबऱ्यावर ठेवून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या पुढच्या पायाचं नख मुळापासून उलटलं होतं आणि रांगोळी लाल होत चालली होती.

हौसाक्काने डोळे मिटले. अर्धाच गडवा उरलाय. अर्धा गडवा, आणि माझी मंजुळा दारात येईल. उठले तर पुन्हा सोळा, आणि तोवर बाळ परक्या अंगणात जन्मेल. तिने डोळे उघडले. कुत्रा तसाच. त्याचे पाय थरथरायला लागले होते.

"तुला दुसरा वारच गावत न्हाई का रं?" ती महादेवाला म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आणि गडवा हातातून सोडून उठली.

मीठपाणी आणलं, अडकित्ता आणला, पीठ आणलं. कुत्रा मोठा होता, एकटीला आवरेना. इतक्यात अंगणात कुणाच्या तरी वहाणा वाजल्या. हौसाक्काने मानही वर केली नाही.

"तुझंच का रं हे कुत्रं? डोळं फुटलं हुतं? गारगोट्यांवर पळवाय ते कुत्रं हाय का पाथरवट? बघत काय उभा ऱ्हायलास? बस खाली, धर ती तंगडी! घट्ट धर, पर आवळू नको. एवढा मोठा बाप्या आणि तंगडी धराय येत न्हाई!"

तो माणूस मुकाट्याने बसला. त्याने तंगडी धरली. अडकित्ता चालला, पीठ दाबलं, हळद-तूप झालं, पिशवी झाली. हौसाक्का टोपली शोधायला वळली, तेव्हा दारातून एक आवाज आला, हसू दाबलेला, रडू दाबलेला.

"आई, माझ्या मामंजींना आरंतुरं करतीस व्हय?"

दारात मंजुळा उभी होती. पोटावर हात ठेवून, दमलेली. आणि कुत्र्याची तंगडी धरून बसला होता तो शिदोजीराव.

झालं होतं असं. शिदोजीराव सुनेला घेऊन खंडोबाच्या दर्शनाला निघाला होता, बैलगाडीने. गारगोटवाडी वाटेत लागू नये म्हणून त्याने मुद्दाम गावाला वळसा घालून माळाची वाट धरली. माळावर बिजल्याला ससा दिसला. बिजल्या धावला, दगडात नख गेलं, आणि तो दिसेनासा झाला. पांढऱ्या गारगोट्यांवर रक्ताचे थेंब तेवढे दिसत होते. गाडीतून उतरून, सुनेला मागोमाग घेऊन, त्या थेंबांमागून शिदोजीराव चालत आला, जी पायरी चढायची नाही म्हणाला होता तिच्यापर्यंत, आणि ती चढून आत बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

हौसाक्काने पदर ओढून घेतला. शिदोजीराव खाली मान घालून म्हणाला, "विहीणबाई, त्या दिशी केरसुणी कुत्र्याला मारलीत, आज जिभेनं मला मारलंत. मला वाटतं, फिटलं." मग बिजल्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाला, "हा चालंल कवा?"

"नख उगवलं की," हौसाक्का म्हणाली. आता तिचा आवाज अगदी मऊ होता.

"आणि ते कवा उगवतं?"

"उगवतं आपलं सावकाश. पर मुकं जनावर परक्या घरात जेवत न्हाई हो. वळखीचं माणूस लागतं जवळ."

शिदोजीराव सुनेकडे बघून मिशीत हसला. "मग ऱ्हाऊ द्या की सूनबाईला बिजल्यापाशी."

आता ऐका पुढची नवलाई. हौसाक्काला एकदम गडवा आठवला. ती आत धावली. पाहते तर तिने सोडलेला गडवा जमिनीवर पडलाच नव्हता. पिंडीवर अधांतरी तिरका उभा होता, आणि धार चालू होती. अर्धा होता, अजून अर्धाच होता.

दुसरी कुणी असती तर तिने लोटांगण घातलं असतं. हौसाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे तुला पहिल्यापासनं येत हुतं?" ती देवाला म्हणाली. "मग इतकं सोमवार मला परत परत कशाला बसवलंस?" आणि मग खाली बसून तिने गडवा हातात घेतला आणि उरलेली धार पुरी केली. धार पुरी होईस्तोवर तिच्या डोळ्यांनाही धार लागली होती, असं म्हणतात.

बिजल्याच्या नखाइतकं सावकाश वाढलेलं नख अख्ख्या मुलखात दुसरं नाही. मंजुळेचं बाळंतपण झालं, बारसं झालं, लेकरू पालथं पडू लागलं, तरी शिदोजीराव बघायला आला की हौसाक्का पायाच्या पिशवीत डोकावून म्हणायची, "अजून जरा कोवळं हाय बगा."

हौसाक्का गेली त्यालाही आता युगं झाली. पण गारगोटवाडीत सोमवारी सकाळी आधी दारच्या कुत्र्याचे पंजे उचलून बघतात, मग देवाला पाणी घालतात. वेशीबाहेर नखाईचा दगड आहे; त्याला नारळ नाही, मूठभर ज्वारीचं पीठ वाहतात. आणि तिथल्या बायांचं व्रत मुक्या जिवापायी मधेच थांबलं तर त्या ते मोडलं म्हणत नाहीत. उठतात, त्याचं बघतात, आणि राहिलं तिथून पुढे धरतात. तुम्हीही तसंच करा बायांनो, देव थांबतो.

आणि गारगोटवाडीची लेक माहेरी आली, तिच्या सासरहून निरोप आला की सूनबाईला कधी धाडताय, तर तिची आई आजही वार सांगत नाही, तिथी सांगत नाही. ती म्हणते, "नख उगवलं की."