पाठीवरचा तीळ

"…तर मग चूक कुणाची, बुवा? तेवढं एक सांगा."

सखाहरीबुवा मठाच्या घाटावर, नदीच्या शेवटच्या पायरीवर बसून धोतर पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे होते सोनटक्के सर. तालुक्याच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. शाळा कडक शिस्तीची, सरही तसेच. सकाळच्या पहिल्या एसटीने ते मठात आले होते, घरी न सांगता. कुठे निघालात, असं घरात कुणी विचारलंही नव्हतं.

"पुन्हा एकदा सांगा," बुवा म्हणाले. "हळू सांगा. मघाशी वर्गात धडा सांगावा तसं सांगितलंत."

सरांनी चष्मा पुसला.

"मंडळींच्या छातीत गाठ आली होती. महिनाभर ती तपासण्यांना जात होती. कुणाबरोबर? तर शेजारच्या नसीमाभाभींबरोबर. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. तेव्हा कुठे मला सांगितलं. तेही भाजी निवडता निवडता. मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली…"



"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुम्ही म्हणाला असता, आधीच का नाही दाखवलंस."

"मग? म्हणाला असतात का?"



"आधी दाखवायलाच हवं होतं, बुवा."

"हं…"

"आणि शाळेतही तेच. शिक्षकांच्या खोलीत मी पाऊल टाकलं की हसणं बंद. नुसत्या कपबश्या वाजतात. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही. घरात नाही, शाळेत नाही. मग माणसं माझ्यापासून अशी लांब का?"

बुवांनी धोतर झटकलं आणि दगडावर पसरलं.

"सर, तुम्ही पोरांना प्रश्न विचारता?"

"विचारतो की. तेच तर काम आहे माझं."

"उत्तर ठाऊक नसलेला एखादा, असा कधी विचारलात?"

सरांना हसू आलं. "उत्तर ठाऊक नाही आणि प्रश्न विचारतो, तो मास्तर कसला हो?"

"खरं आहे," बुवा म्हणाले. "चला, आंघोळ करून घ्या. मग समाधीला फूल वाहू."

"माझी झाली आहे. घरूनच करून निघालो."

"पाठ कुणी घासली?"

या मठाची एक जुनी रीत होती. समाधीपुढे जाण्याआधी आंघोळ, आणि आंघोळीत आपली पाठ आपण घासायची नाही. जो कुणी शेजारी असेल त्याने घासायची. पाटलाची पाठ गुराख्याने घासली आहे, गुराख्याची पाटलाने.

"मीच घासली," सर म्हणाले. "माझ्याकडे ब्रश आहे. लांब दांड्याचा."

"ब्रश!" बुवांचे डोळे मोठे झाले. "दांडा केवढा?"

सरांनी हात पसरून दाखवला.

"वा! म्हणजे कुणाला हाक मारायला नको."

"नको. कुणावाचून अडत नाही."

"बरं, मग माझी तरी घासा. माझ्याकडं काही तसला दांडा नाही."

बुवा पाठ करून बसले. सरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, घाटावरचा खरबरीत दगड घेतला आणि उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी पाठ घासायला लागले. "इथे मळ आहे. इथेही आहे. हे बघा, इथे तर कुणी कधी हातच लावलेला दिसत नाही."

"अहो सर! मळ काढा, कातडी ठेवा. तेवढीच उरली आहे."

सरांचा हात जरा हलका झाला.

मग बुवा उठले. "आता तुम्ही वळा."

सर घुटमळले. इकडेतिकडे बघितलं. घाटावर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सदरा काढला, घडी घालून पायरीवर ठेवला आणि बुवांकडे पाठ करून बसले.

बसल्यावर त्यांना कसंसंच झालं. शाळेत त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली असे. घरात पलंगही भिंतीकडेला. आपल्या मागे कुणीतरी आहे आणि तो काय बघतो आहे ते आपल्याला दिसत नाही, असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

गार पाणी पडलं. मग दगड नाही… हात. म्हाताऱ्या माणसाचा सुरकुतलेला, उबदार हात.

पूर्वी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई असंच पाठीला उटणं लावत. बांगड्या मागे सारून, गुणगुणत. एका दिवाळीला सर म्हणाले होते, किती वेळ लावतेस, राहू दे, माझं मी बघतो. पुढच्या दिवाळीला घरात ब्रश आला. उटण्याची वाटी तेवढी लहान झाली.

"बुवा…"

"हं."

"ते कळल्यापासून मला झोप नाही. ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत पडून राहतो. थांबेल की काय, असं वाटतं."

"त्यांना सांगितलंत?"

"…नाही."

बुवांचा हात पाठीवर फिरत राहिला. मग मधेच थांबला.

"सर, हा तीळ कधीचा?"

"कुठला तीळ?"

"हा. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. मसुराएवढा आहे."

सरांनी खांद्यावरून हात मागे नेला. पोचला नाही. मग कमरेकडून वर नेला. बोटं वळवळली, तिथवर गेली नाहीत.

"जन्माचा आहे, की मागाहून आला?"

"मला…" सर अडखळले. "मला ठाऊक नाही."

हे शब्द त्यांच्याच कानाला नवखे वाटले. पाण्यावरून एक बगळा उडाला. सर तसेच बसून होते, हात अजून मागेच.

"लहान होता का हो आधी? की एवढाच होता? तुम्हाला काय वाटतं, बुवा?"

"मी काय सांगू? मी आज पाहिला."

बुवांनी उरलेला तांब्या त्यांच्या पाठीवर हळूच ओतला आणि सदरा हातात दिला.

"परतीची एसटी दुपारची आहे. बाईंना विचारा. असंच पाठमोरं बसून विचारा… आणि उत्तर येईस्तोवर वळू नका."