ठकूनं थांबवलेला शरद

डोंगराच्या कुशीत धनगरांची एक इवलीशी वस्ती होती, आणि त्या वस्तीत ठकू नावाची एक इवलीशी मुलगी होती. आई देवाघरी गेलेली, खोप गळकी, परकराला ठिगळं. पण ठकूचं खरं दुःख वेगळंच होतं. दर वर्षी पाऊस सरला की तिचा आबा मेंढरं घेऊन घाटाखाली, दूर कोकणात जायचा आणि ठकू वस्तीतच आत्याकडे राहायची, ती पार पुढचा पावसाळा येईपर्यंत.

"आबा, मला बी ने की!"

"तुझं पाय केवढुसं, ठके! घाटात दमलीस म्हंजे?" आबा हसत म्हणायचा आणि पटकन तोंड फिरवायचा. डोळ्यांतलं पाणी लेकीला दिसू नये ना!

ठकूची नजर मात्र भारी चलाख. ऋतूनं नुसती कूस बदलली तरी वस्तीत सगळ्यांआधी तिला कळायचं. त्या वर्षीही एका सकाळी ती ओढ्यावर गेली आणि थबकली. ढग धुतल्यासारखे पांढरेशुभ्र झाले होते. गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागले होते. गवताच्या शेंड्यांवर किंचितशी, अगदी किंचितशी सोनेरी झाक आली होती. आबा आता जाणार!

इतक्यात गुलाबी तेरड्यातून नाजूक आवाज आला, "अगं, मला सोडव ना!"

कोळ्याच्या जाळ्यात बोटभर उंचीची एक परी अडकली होती. सोनकीच्या पिवळ्याधमक पाकळ्यांचा झगा, चतुराचे झिरझिरीत पंख, आणि केसांत दवाचे थेंब लुकलुकत होते. ठकूनं एकेक धागा हलकेच सोडवला. जाळं मात्र फाडलं नाही. कोळ्यानं तरी बिचाऱ्यानं कुठे राहायचं?

"मी शरदपरी," ती म्हणाली. "गुणी पोर आहेस. एक मागणं माग."

"तू येऊच नगंस," ठकू म्हणाली. "तू आलीस की माझा आबा जातो."

परी गोरीमोरी झाली. पण शब्द तो शब्द. "बरं. आज दिसलं ते कुणाला सांगू नकोस. तू गप्प राहशील तोवर मी पुढे येणार नाही, इथेच थांबेन. बोललीस की मागणं मोडलं. आणि दुसरं मागायचं नाही हं!"

ठकूनं ओठ घट्ट मिटले. ढग पुन्हा काळवंडले आणि पाऊस लागला. आबा घरीच राहिला! त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गोष्टी ऐकताना ठकूला आकाश ठेंगणं झालं.

पण पाऊस थांबेचना. शेतातली नाचणीची कणसं काळी पडली. आत्या स्वतःच्या ताटातली भाकरी ठकूला वाढू लागली. चिखलात उभं राहून मेंढरांचे खूर सुजले. एक कोकरू तर उठेचना. आबा त्याला पोटाशी धरून चुलीपाशी बसला. "जरा उघडलं असतं, तर जगलं असतं गं," तो म्हणाला. ठकूनं कोकराच्या तोंडात बोट घातलं. ते चोखायचंही बळ त्याला उरलं नव्हतं.

ठकूला हुंदका आवरेना. ती भर पावसात अंगणात धावली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "शरद आलाय! ढग पांढरं झालं, पाणी निवळलं, गवत पिवळं पडलं! म्या माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

पाऊस थांबला. कोवळं ऊन पडलं, माळभर सोनकी फुलली, चतुर भिरभिरू लागले. मेंढरं अंग झाडत गवतात शिरली आणि कोकरू आईला ढुशा देऊन दूध पिऊ लागलं.

मेंढरांचे खूर बरे झाल्यावर आबानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं. निरोप घेऊन तो चढणीला लागला. ठकू कुंपणाशी मुसमुसत उभी होती. तेवढ्यात परी तिच्या पावलांपाशी उतरली.

"मागणं तर मोडलं," ठकू म्हणाली.

"मोडलं. तू दुसरं मागायचं नाहीस, हेही खरं. पण मी द्यायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?" परीनं केसांतलं दव ठकूच्या भेगाळलेल्या टाचांना चोळलं. "हे पाय आता कितीही चालले तरी दमायचे नाहीत." आणि ती सोनेरी उजेडात हसत हसत विरघळून गेली.

ठकू निघाली ती वाऱ्यासारखी! मेंढरं मागे पडली, घोडा मागे पडला. धापा टाकत आबा घाटमाथ्यावर पोहोचला, तर ही आधीच दगडावर पाय हलवत बसलेली.

"दमली न्हाईस?"

"न्हाई!"

आबानं वाकून लेकीचे पाय चाचपले. मग हसून म्हणाला, "जा, आत्याच्या पाया पडून ये. आमी हितंच थांबतो."