दोन हजार पाचशे वीस लाडू

एका वाडीत एक भोळा गेनू होता. आईबाप लहानपणीच गेलेले, वाढवला मामाने. नारोमामाला दोनच नाद होते, आकडेमोड आणि गेनूचं लग्न. आकडे जुळत, लग्न जुळत नव्हतं. अखेर शेजारच्या गावच्या हैबतरावांनी आपली चिमा द्यायचं कबूल केलं. मामाला रडूच आलं.

हैबतरावांनी विचारलं, "लाडू किती करायचे?" त्यांच्याकडे लग्नाचे लाडू वाडीवार वाटत, आणि एखादा कमीजास्त झाला की काठ्या निघत.

"दोन हजार पाचशे वीस," मामा म्हणाला. "एकपासनं दहापर्यंत कितीबी वाड्या येऊंद्यात, सारखे वाटून एक लाडू उरायचा न्हाई. ह्येच्याहून ल्हान आकड्याला हे जमत न्हाई."

मामाने गेनूला आचाऱ्याकडे धाडलं. "घोकत जा. दोन, पाच, दोन, शून्य."

"शून्य म्हंजी किती?"

"काय न्हाई."

जे काही नाहीच, ते सांगायचं कशाला? गेनू आचाऱ्याला म्हणाला, दोनशे बावन्न.

मामाने कपाळावर हात मारला. "येड्या, शेवटच्या शून्यानं आकडा धापट व्हतो. शून्य सोडायचं न्हाई."

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी मामाने चार वाजंत्री सांगून यायला पाठवलं. गेनूने शून्य सोडलं नाही. चाळीस वाजंत्री आले आणि एकदम वाजवू लागले. वाडीतल्या शेळ्या दावी तोडून डोंगरावर गेल्या, त्या अजून यायच्या आहेत.

"आरं, आकडा बोलायच्या आधी ताळा बघावा," मामा म्हणाला. "आपल्या लाडवांचं बघ. दोन आन् पाच सात, आन् दोन नऊ. बेरीज नऊ आली की नवानं भाग जातो. मग बोलावं."

"बरं मामा."

संध्याकाळी हैबतराव आले. "जावईबापू, वय काय तुमचं?"

गेनू तेवीस वर्षांचा. दोन आणि तीन पाच. ताळा बसेना. त्याने बराच विचार केला.

"त्रेसष्ट," तो म्हणाला.

हैबतराव उठून चालू लागले. मामाने आपलं पागोटं त्यांच्या पायांवर ठेवलं, तेव्हा कुठे थांबले. "आता एक घोटाळा झाला तर सोयरीक मोडली," म्हणाले.

मामा रडकुंडीला आला. "गेन्या, आता काय बोलू नगंस, काय आणू नगंस. फकस्त एवढं बघ, मांडवात अकरावी वाडी शिरता कामा नये. अकरानं भागलं की एक लाडू उरतो, आन् त्या एकापायी डोकी फुटतात."

"न्हाई शिरू देणार, मामा."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं. चिमा हार घेऊन उभी होती. घोड्यावरून गेनूने आत बसलेल्या वाड्या मोजल्या. भरल्या होत्या दहा. मग त्याने मागे वळून आपल्या वाडीच्या वऱ्हाडाकडे पाहिलं. पुन्हा मोजलं. शेवटी घोडा वळवला आणि सगळं वऱ्हाड घराकडे हाकलत नेलं.

मामा धापा टाकत मागून आला.

"घाबरू नगा मामा," गेनू म्हणाला. "आता कुणाचं डोस्कं फुटत न्हाई."

मामाने खाली वाकून एक बेताचा दगड निवडला.