परातीच्या रेघा

पितळ मागे पडून घराघरात स्टील नवंनवं आलं, तेव्हाची गोष्ट. यमुनाक्कांच्या खानावळीत आरशासारखा तांब्या आणि बारीक रेघांची परात शेजारी राहत. अक्का परात काथ्याने, पण रेघांच्या दिशेनेच घासत. तांब्या मात्र जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसत.

“त्याचे लाड आणि मला काथ्या!” परात कुरकुरायची.

एकदा अक्का गावाला गेल्या. शेजारणीने पितळेच्या सवयीने दोघांनाही राखेने गोल गोल घासलं. दोघांवर ओरखडे उठले.

परतल्यावर अक्का रेघांच्या दिशेने परात घासत बसल्या. ओरखडे रेघांत विरून गेले. तांब्या त्यांनी पुन्हा पुन्हा पुसला, पण त्याचे ओरखडे राहिलेच.

परातीने त्याचे ओरखडे निरखून पाहिले.

तांब्या म्हणाला, “तुझी जखम भरते गं, माझी भरत नाही. अक्कांच्या हाताला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”