कोऱ्या प्रतींचा राजा

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा होता. कुणा राजाला हत्तींचा नाद असतो, कुणाला तलवारींचा. मणिध्वजाला नाद होता मुलांच्या जुन्या चित्रकथांचा. हसू नका. नाद हा नादच असतो, हत्तींचा असला म्हणून तो थोर होत नाही.

या चित्रकथा राजाच्या आजोबांच्या काळी कज्जल नावाच्या जादूगारानं काढल्या होत्या. पातळ पुस्तिका, दोन टाक्यांची शिवण, शिळाछापानं, म्हणजे दगडावरून छापून, चढवलेले पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन रंग आणि त्यांवर काळी रेघ. गोष्टी त्याच, आज्या-पणज्या सांगत आलेल्या. काचडोंगराची राणी, बोलकी विहीर, राक्षसाचा जावई. फक्त इथं त्या चौकटीचौकटीनं घडत, आणि जो बोलेल त्याच्या तोंडाशी फुगा निघे. त्या फुग्यात त्याचं बोलणं लिहिलेलं असे.

राजानं दवंडी पिटवली. ज्याच्या घरी कज्जलाची पुस्तिका असेल त्यानं ती आणून द्यावी आणि पोरांसाठी लाडू घेऊन जावेत. माळ्यांवरून, कणग्यांमागून, जुन्या पेटाऱ्यांतून पुस्तिका निघाल्या. पोरं रडली, लाडू खाल्ले आणि गप्प बसली. राजा भिंग लावून एकेक प्रत पारखी. तेलाचा डाग पडलेली, कान दुमडलेली, कुणी परीला मिश्या काढलेली प्रत तो नाक मुरडून बाजूला टाकी. कोरी प्रत हाती आली की मात्र त्याला भरून येई. तिला तो रेशमात गुंडाळी, पानांत वेखंडाची पूड टाकी, चंदनाच्या पेटीत ठेवी आणि पेटीला कुलूप लावी. कुठल्या प्रतीत कुठल्या पानावर तांबडा रंग केसभर सरकला आहे, हे तो डोळे मिटून सांगे. गोष्ट मात्र त्यानं एकीचीही वाचली नव्हती. वाचली तर शिवण सैल होते ना!

एके सकाळी दरबारात एक म्हातारा आला. त्याची दाही बोटं काजळीनं काळी होती.

"राजा, मी कज्जल. माझी पुस्तकं तुझ्याकडे आहेत, असं ऐकलं. पाहू दे."

राजा हरखून गेला. त्यानं म्हाताऱ्याला पेट्यांच्या दालनात नेलं आणि स्वतःच्या हातानं पेट्या उघडल्या. "पाहा, एकाही पानाला बोट लागलेलं नाही."

"एकाही?" म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"एकाही नाही."

राजाच्या मागं त्याची लेक पद्मरेखा उभी होती. तिचे दुधाचे दात नुकते पडू लागले होते. या दालनात यायची तिला बंदी होती, पण पाहुण्याच्या गडबडीत ती आत शिरली होती. तिनं टाचा उंचावून बापाच्या हातातल्या पुस्तिकेत डोकावलं आणि विचारलं, "बाबा, राक्षसाचा जावई एवढा रुसलाय का?"

"हात लावू नकोस," राजा म्हणाला. दुसरं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच.

कज्जल खाली वाकला. "मुली, जाणून घ्यायचंय तुला?"

"हो."

"मग आत जाऊन बघ."

त्यानं बोटांवरची काजळी फुंकली. पद्मरेखा दिसेनाशी झाली आणि पुस्तिकेतल्या राक्षसाच्या स्वयंपाकघरात हिरव्या परकरातली एक मुलगी उभी राहिली. तिच्या तोंडाशी फुगा होता, पण फुग्यात एक अक्षर नव्हतं.

राजानं म्हाताऱ्याचे पाय धरले.

"माझे रंग जिवंत माणसावर टिकत नाहीत," कज्जल म्हणाला. "दर पंधरवड्याला तिचा एक रंग उडेल. तिन्ही उडाले की रेघ विरेल. तिची परतीची वाट मी माझ्या शेवटच्या पुस्तिकेत काढून ठेवली आहे. ज्या हातानं मुलांची पुस्तकं काढून घेतलीस, त्याच हातानं ती वाट तुला उघडावी लागेल."

"ती पुस्तिका कुठं आहे?"

"जगानं टाकलेलं सगळं जिथं जातं, तिथं विचार," असं म्हणून कज्जल काजळीसारखा उडून गेला.

राणी वसुमती धावत आली. तिनं सगळं ऐकलं. ती रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "राज्य मी पाहते. तुम्ही माझी लेक आणा. तिच्याशिवाय या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका."

राजा तसाच निघाला. उराशी लेकीची पुस्तिका, कमरेला भिंग आणि नक्कल उतरवायच्या पातळ तेलकागदाची गुंडाळी. माणूस संकटात पडला म्हणून त्याच्या सवयी सुटतात थोड्याच!

सात राज्यांच्या पलीकडे रद्दीचा डोंगर होता. तिथं एक यक्ष भली मोठी तागडी घेऊन बसला होता.

"कज्जलाची शेवटची पुस्तिका कुठं आहे?" राजानं विचारलं.

"पारड्यात बस. माझी तागडी पोटातल्या गोष्टी तोलते. दगडाला भारी ठरलास तर सांगेन."

राजा हसला. ज्याच्या घरी चित्रकथांनी भरलेल्या चंदनाच्या पेट्यांच्या रांगा, त्याला कसली भीती! तो ऐटीत पारड्यात बसला. दुसऱ्या पारड्यात यक्षानं बोराएवढा खडा टाकला. राजाचं पारडं सणकन वर गेलं आणि राजा झाडाच्या शेंड्याशी लोंबकळू लागला.

"महाराज," खालून यक्ष म्हणाला, "आपण तर पिसाहून हलके आहात."

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच लोंबकळत त्यानं पुस्तिका काढली. शिवणीची काळजी होतीच. तरी त्यानं पहिलं पान उघडलं आणि आयुष्यात प्रथमच चित्रकथा वाचायला घेतली.

राक्षसाचा जावई पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला आला होता. जावई वीतभर, सासरा ताडमाड. राक्षसानं त्याला सोन्याचा पाट दिला, हिऱ्यांची अंगठी दिली, लाडवांचे डोंगर रचले. जावई रुसलेला तो रुसलेलाच. राक्षस रडकुंडीला आला. का बरं रुसला असेल? राजा भराभर पानं उलटू लागला. बोटं कुठं पडताहेत याचं त्याला भान राहिलं नाही. शेवटी राक्षसिणीनं विचारलं तेव्हा जावयाच्या फुग्यात उत्तर आलं: 'आल्यापासून उभा आहे. बसा असं कुणी म्हणालंच नाही.'

राजा खो खो हसला. हसता हसता त्याचं पारडं हळूहळू खाली आलं आणि टेकलं.

"खड्याला भारी झालास," यक्ष म्हणाला. "दगडाला अजून पुष्कळ अवकाश आहे, पण तुझी भूक खरी दिसते. वाळवीच्या राणीकडे जा. जगातली सगळी पुस्तकं तिच्या प्रजेनं चाखली आहेत."

राजानं लेकीकडे पाहिलं. तिचा हिरवा परकर निळा झाला होता. पिवळा रंग उडून गेला होता.

वाळवीची राणी माळावरच्या वारुळात राहत होती. वारूळ राजवाड्याएवढं होतं, म्हणून राजाला वाकावं लागलं नाही. आत लाखो वाळव्या एकसारख्या कुरतडत होत्या. राणी आंधळी होती.

"पुस्तकं पुष्कळ खाल्ली," ती म्हणाली, "पण आत काय होतं ते कळलं नाही. मला एक वाचून दाखव. माझी प्रजा कुरतडणं थांबवून ऐकू लागली, तर तुझं काम होईल."

राजा ताठ उभा राहिला आणि त्यानं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. कुरतडणं चालूच राहिलं.

"हे तर फर्मान झालं," राणी म्हणाली. "राक्षस कुठं आहे?"

राजा ओशाळला. भर दरबारात ज्यानं कधी खाकरूनही आवाज बदलला नव्हता, त्यानं आता राक्षसाचा आवाज काढायचा? त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मग त्यानं छाती फुगवली आणि गुरगुरला, "जावईबापू, आणखी एक लाडू घ्याच!" जावयासाठी त्यानं नाकातून पिरपिरा सूर लावला. राक्षसीण करताना पदर सावरल्यासारखा हात केला. एका चौकटीत राक्षस रडतो, तिथं राजा खरोखरच रडला, कारण त्याच चौकटीत कोपऱ्यात त्याची लेक उभी होती. असं वाचून दाखवायला ती रोज मागं लागत असे आणि तो रोज उद्यावर ढकलत असे.

वारूळ चिडीचूप झालं होतं.

"पुन्हा वाच," राणी म्हणाली.

"बाई, वेळ नाही हो. माझ्या लेकीच्या गालावरचा तांबडा रंगही आत्ताच गेला."

"मग लवकर जा. ज्या पुस्तिकेला आम्ही दात लावला नाही अशी जगात एकच आहे. खाऱ्या वाळवंटाच्या कडेला बकुळीचं झाड आहे. त्याच्या ढोलीत एक साळुंकी ती राखून बसली आहे."

राजा धावत सुटला. जोडे फाटले, मुकुट कुठंतरी पडला, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. बकुळीखाली पोचला तेव्हा पद्मरेखाचा निळा रंग उडत होता. बघता बघता ती नुसती रेघांची मुलगी उरली.

"साळुंकीबाई, शेवटची पुस्तिका द्या."

"घे," साळुंकी म्हणाली. "शिसपेन्सिलही घे. दोन्ही एकत्रच द्यायची आहेत."

राजानं पुस्तिका हातात घेतली मात्र, तो पाहतच राहिला. अशी प्रत त्यानं जन्मात पाहिली नव्हती. रंग ओले वाटावेत इतके ताजे. शिवण घट्ट. मुखपृष्ठावर एक ओरखडा नाही. जगात एकुलती एक, आणि कोरी करकरीत. खरं सांगतो, त्या क्षणी राजा लेकीला विसरला. क्षणभरच, पण विसरला.

मग त्यानं शेवटचं पान उघडलं. पानावर एक दगडी भिंत होती आणि भिंतीवर आकडे घातलेले ठिपके विखुरले होते. वर लिहिलं होतं: 'ठिपके जोडा आणि वाट उघडा.'

राजाच्या लक्षात आलं.

"या पानावर रेघ ओढायची?"

"ठिपके त्यासाठीच असतात," साळुंकी म्हणाली.

"पण मग ही कोरी राहणार नाही."

"नाही राहणार."

तेव्हा राजानं काय केलं असेल? जमवणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा. त्यानं कमरेचा तेलकागद काढला, पानावर अलगद पसरला आणि वरून नाजूक हातानं ठिपके जोडले. कागदावर एक सुबक दार तयार झालं. दार उघडलं. पलीकडे बकुळीचं खोड दिसलं, बाकी काही नाही.

"नकलेच्या दारातून कोण येणार?" साळुंकी म्हणाली. "राजा, तिच्याकडे बघ."

राजानं पाहिलं. पद्मरेखाच्या पायांची रेघ पुसट झाली होती. परकराची कड तुटली होती. तिच्या तोंडाशी असलेला फुगा हळूहळू आक्रसत होता. त्या कोऱ्या फुग्यात काय असेल, असा विचार इतके दिवस राजाच्या मनाला शिवला नव्हता. आता तो एकदम शिवला, आणि त्याला राहवेना. ती काय म्हणत असेल? भूक लागली म्हणत असेल? हाका मारत असेल? बापाला ते ठाऊक नाही, आणि ती पुसली गेली तर कधीच ठाऊक होणार नाही.

त्यानं तेलकागद भिरकावला. डाव्या हातानं पुस्तिका दाबून धरली. शिवण कर्र करून उसवली, तिकडे त्यानं पाहिलंही नाही. शिसपेन्सिल पानावर टेकवली. एक, दोन, तीन. डोळ्यांतलं पाणी पानावर पडून निळा रंग पसरला. दहा, अकरा, बारा. टोक मोडलं, ते त्यानं दातांनी कुरतडून पुन्हा काढलं. बोटांना शिसं लागलं, बोटांचे ठसे पानभर उमटले. शेवटचा ठिपका गाठला आणि त्यानं पेन्सिल खाली टाकली.

दार वेडंवाकडं झालं होतं. वरची चौकट एका बाजूला खचली होती. पण ते करकरलं आणि उघडलं.

आतून फराळाचा वास आला. मग मान वाकवून, खचलेल्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून जपत, पद्मरेखा बाहेर आली. एकेका पावलाबरोबर तिच्यावर रंग चढत गेला. आधी परकर निळा झाला, मग गाल तांबडे झाले, आणि शेवटी पिवळा उतरताच परकर पुन्हा हिरवागार झाला. राजानं तिला पोटाशी धरलं.

पद्मरेखानं त्याच्या खांद्यावरून मागं वळून पानाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "बाबा, अठरा राहिला."

राजानं पाहिलं. खरंच, सतरावरून त्यानं थेट एकोणीस गाठला होता. म्हणून दार वाकडं!

त्यानं खाली पडलेली शिसपेन्सिल उचलली आणि लेकीच्या हातात दिली. तिनं तिथंच मातीत फतकल मारली, जीभ ओठाबाहेर काढली आणि जोर लावून अठरा जोडला. दार सरळ झालं आणि आपसूक लागलं. शाप सरला.

बापलेक घरी परतले. राणी उंबऱ्यातच उभी होती. तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि राजाची काळी बोटं आपल्या पदरानं पुसली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्या उघडल्या गेल्या आणि पुन्हा दवंडी पिटली गेली. मुलं आली ती रांगेनं आली नाहीत, झुंडीनं आली. वेखंडाच्या पुडीनं शिंकली, रेशमाची फडकी डोक्याला बांधून राजा राजा खेळली आणि मिळेल त्या कोपऱ्यात पोटावर पालथी पडून वाचू लागली. पहिलं पान फाटलं तेव्हा मणिध्वज कळवळला. खोटं कशाला बोला, दुसरं फाटलं तेव्हाही कळवळला. पण मग तो फाडणाऱ्या पोराशेजारी बसला आणि त्यानं विचारलं, "पुढं काय झालं रे?"

ही कहाणी ज्या घरी पोचेल, त्या घरची पुस्तकं मळोत आणि लेकरं सुखात राहोत.