राजीनाम्यावरची सही

तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं, आणि संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब खर्डेकर यांना बास्केटबॉलमधलं सगळं कळायचं. निदान त्यांची तशी समजूत होती. दर सामन्याच्या सकाळी त्यांच्या सहीची चिठ्ठी यायची. कुठली पाच पोरं मैदानात उतरवायची, ते तीत असायचं. एकाचे वडील सभापती, दुसऱ्याचा मामा बँकेचा संचालक. पोराला चेंडू टाकता येतो का, हे कुणी विचारत नसे.

संघ ओळीने नऊ सामने हरला आणि खापर फुटलं प्रशिक्षक निसार मुजावर यांच्यावर.

तात्यासाहेबांनी त्यांना संचालक मंडळापुढे बोलावलं. "मुजावर सर, तुम्हाला काढायचं हे नक्की आहे. कधी, एवढंच ठरायचंय. त्यापेक्षा राजीनामा तुम्हीच लिहा. हरण्याचं कारण मात्र खरं लिहा."

सरांनी तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. 'या नऊ सामन्यांचा संघ मी निवडला. तो हरला. त्याची जबाबदारी घेऊन मी आजपासून पद सोडत आहे.' खाली तारीख घातली, फायलीतल्या नऊ चिठ्ठ्या त्याला टाचल्या आणि कागद पुढे सरकवला.

तात्यासाहेबांनी तो मंडळाला मोठ्याने वाचून दाखवला. "झकास लिहिलंय. पण खाली सही कुठाय?"

"ती तुमची राहिलीय, तात्यासाहेब," सर म्हणाले. "चिठ्ठ्यांवर आहे तशीच करा."

दहाव्या सामन्याच्या सकाळी चिठ्ठी आली नाही.