चावडीवर सगळे बरे

फार पूर्वी, राजाला प्रजा आपल्या घरातलीच वाटायची, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका नगरात एक राजा होता. माणूस मोठा मायाळू! कुणाला साधी शिंक आली तरी याचा जीव खालीवर.

म्हणून त्यानं एक रीत पाडली होती. दर पौर्णिमेला घरोघरचे कर्ते पुरुष चावडीवर जमायचे आणि राजा स्वतः विचारायचा, "घरी सगळे बरे ना?"

"बरे आहेत, महाराज!" सगळे एका सुरात ओरडायचे. झालं! पानसुपारी व्हायची आणि राजा निर्धास्त झोपायचा.

एकदा राणी म्हणाली, "अहो, चावडीवर बायका येतात कुठे? आणि बायकोचं दुखणं चारचौघांत कोणता नवरा सांगेल? मुळात त्याला ठाऊक असलं तर! आम्ही बायका सगळं अंगावर काढतो. चार शहाण्या बायका पगारानं नेमा. त्या घरोघर जाऊन विचारतील."

खजिनदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नुसतं विचारायला पगार? महाराज, हत्तीला चांदीची अंबारी करायची ठरलीय. दोन्ही खर्च नाही झेपायचे."

राजानं डोकं खाजवलं. "राणीसाहेब, बायका आजारी असत्या तर आतापर्यंत कळलं नसतं का?" असं म्हणून त्यानं अंबारी करवून घेतली.

दसऱ्याला राजा त्या अंबारीत बसून निघाला तो थेट आपल्या दाईआईकडे. आईविना वाढलेल्या या पोराला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. तिच्या हातच्या थालीपिठावर त्याचा भारी जीव.

पण घरात चूल थंड. दाईआई तापानं फणफणलेली, पायांवर गोधडी घट्ट ओढून पडलेली. राजानं गोधडी सारली तर काय, दोन्ही पाय चिघळलेले!

"दाईआई! अगं, हे कधीपासून?"

"आषाढापासून असेल, बाळा. तुला काय कमी व्याप आहेत? कशाला सांगायचं?"

"पण चावडीवर कुणीच कसं बोललं नाही?"

"माझ्या घरात पुरुष कुठाय रे चावडीवर यायला?"

राजाला रडूच फुटलं. वैद्य आला, लेप लावला, पण बाहेर येऊन म्हणाला, "महाराज, हे कशानं झालंय ते कळल्याशिवाय माझं औषध पुरं पडायचं नाही. म्हातारीच्या अंगात आता त्राण उरलेलं नाही."

राजानं त्याच दिवशी अंबारी मोडली आणि राणीनं निवडलेल्या बायका कामाला लावल्या. त्या घरोघर गेल्या, चुलीपाशी बसल्या, बायांशी सुखदुःखाचं बोलल्या. अगंबाई! कितीतरी जणी तेच दुखणं लुगड्याआड लपवून वावरत होत्या. आणि त्या सगळ्या धुणी धुवायला जायच्या खालच्या घाटावर. तिथं वरून कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या पिंपांचं पाणी यायचं. पुरुषांचा घाट त्या पिंपांच्याही वर, म्हणून त्यांचे पाय ठणठणीत!

रंगाऱ्यांचं पाणी लांब वळवलं. हळूहळू बायांचे पाय भरून आले. दाईआईही उठली आणि पहिल्याच दिवशी राजावर डाफरली, "मेल्या, रडून रडून किती वाळलास! बस, जेवून घे."

पुढल्या वर्षी खजिनदार हात चोळत आला. "महाराज, आता सगळ्या बाया बऱ्या आहेत. यंदा त्या विचारणाऱ्या बायकांचा पगार वाचवू या."

राजा म्हणाला, "सगळ्या बऱ्या आहेत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्या घरोघर जाणाऱ्या बायकांनीच की, महाराज!"

"मग त्यांनाच घरी बसवायला निघालात?"

खजिनदार ओशाळला. त्या वर्षी पगार तर मिळालाच, शिवाय शेजारच्या राज्यांतही अशाच बायका नेमाव्यात म्हणून राजानं आपल्या खजिन्यातून मदत धाडली.

तात्पर्य: जिला कुणी विचारत नाही, तिचं दुखणं कुणाला दिसत नाही, आणि विचारायच्या खर्चात हात आखडला, तर तो खर्च कुणाच्या तरी जिवावर पडतो.